किती घरं पाहून थांबायचं?

प्रश्न : भाड्याच्या घरासाठी १४ घरं पाहिली. दोन बरी होती, पण याहून चांगलं मिळेल म्हणून सोडली. आता ३७ टक्क्यांचा नियम वापरावा का? ‘चालेल असं’ घर घेणं म्हणजे तडजोडच ना?

उत्तर : तो नियम तुमच्या कामाचा नाही. तो सांगतो : एकूण घरांपैकी पहिली सुमारे ३७ टक्के नुसती पाहायची, सोडलेलं घर परत मिळत नाही असं धरून. म्हणजे २० घरं असतील तर पहिली ७ नुसती पाहायची, मग त्या सातांहून सरस दिसेल ते पहिलं घर घ्यायचं. सर्वोत्तम घर मिळण्याची शक्यता होते ३८ टक्के. पण ते पहिल्या सातांतच येऊन गेलं असेल (शक्यता ३५ टक्के), तर पुढे सरस काही भेटतच नाही आणि विसावं घर, जसं असेल तसं, गळ्यात पडतं. शिवाय या नियमाच्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचं घर आणि सगळ्यात वाईट घर सारखंच!

हर्बर्ट सायमन (अर्थशास्त्राचं नोबेल, १९७८) यांची रीत वेगळी. माहिती, वेळ आणि हिशेब करण्याची ताकद, तिन्ही तोकडी असतात. म्हणून अपेक्षेची पातळी आधी ठरवा आणि ती गाठणारं पहिलं घर घ्या. ही तडजोड नव्हे. तडजोड होते ती थकल्यावर, पातळी नकळत घसरते तेव्हा. म्हणून ही पातळी घर बघायला निघण्याआधी कागदावर उतरवा.

अटी तीनच ठेवा, आणि तपासता येतील अशा : भाडं ठरल्या रकमेच्या आत, कामावर पाऊण तासात पोचता येणं, दुपारी दिवा न लावता वाचता येणं. ‘छान हवेशीर’ ही अट नव्हे. समजा, प्रत्येक अट निम्मी घरं पुरी करतात आणि अटींचा एकमेकींशी संबंध नाही. मग तिन्ही पुरी करणारं घर आठांत एक. अटी पाच केल्यात तर ३२ त एक, आणि बहुतेकांचा शोध इथेच फसतो. भाडं आणि उजेड यांचं तर बहुधा वाकडंच असतं, म्हणजे खरा आकडा आणखी कठीण.

आठांत एक असतानाही सलग १० घरं नापास होण्याची शक्यता २६ टक्के, तेव्हा दहावर हाय खाऊ नका. सलग २० नापास झाली (शक्यता ७ टक्के), तर पातळीच चुकली असं समजून एकच अट सैल करा.

सोडलेली ती दोन घरं आता या कागदावर तपासा. एखादं बसत असेल आणि अजून रिकामं असेल, तर पंधरावं पाहण्याआधी मालकांना फोन करा.