कोबीवर औषध मारलं, तरी अळ्या जिवंत कशा?

प्रश्न (ता. वाळवा, जि. सांगली): कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या आहेत. काल क्लोरफेनापायर १० एससी फवारलं, पण आज अळ्या जिवंतच आहेत. दुकानदार म्हणतो, लगेच दुसरं जालीम औषध मारा. मारू का?

उत्तर: नको. आणखी दोन दिवस पंपाला हात लावू नका.

हे औषध मज्जासंस्थेवर काम करत नाही, त्यामुळं अळी जागेवर लुळी पडत नाही. पोटात गेल्यावर अळीचीच विकरं (एन्झाइम) त्याचं जहाल रूप तयार करतात आणि ते पेशीतल्या तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं) घाव घालतं. तिथं अन्न जळत राहतं, पण एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, तयार होत नाही. मोटर चालू, पण पाइप फुटल्यामुळं सरीत पाणी नाही, असा प्रकार.

पेशी मात्र सहजासहजी मरत नाही. एएमपीके नावाचं विकर ही तूट ओळखतं आणि वाढीची खर्चिक कामं बंद पाडतं. मग पेशी स्वतःचेच जुने भाग पचवून तग धरते. एटीपी सावरलं तर वाचते, नाहीतर स्वतःला पद्धतशीर संपवते. गंमत म्हणजे असं मरायलाही थोडं एटीपी लागतं. तेही उरलं नाही तर पेशी फुगून फुटते.

म्हणूनच अर्ध्या डोसची काटकसर इथं अंगलट येते. पेशी सावरतात, अळी वाचते, आणि ही कीड तर औषधं पचवण्यात पटाईत. एकरी ३०० ते ४०० मिली, २०० लिटर पाण्यातून, हेच प्रमाण ठेवा.

आता अळीला काडीनं डिवचून बघा. धडधाकट अळी वळवळत मागं सरते आणि धाग्याला लोंबकळते. तुमची जेमतेम हलत असेल, पानावर ताजी हिरवी विष्ठा नसेल, तर औषध लागू पडलंय. तिसऱ्या दिवशीही खाणं चालू असेल तरच पुढची फवारणी करा, तीही वेगळ्या गटाची: स्पिनोसॅड किंवा बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून बनवलेलं औषध).

तंतुकणिका माणसाच्या पेशीतही असतात. या औषधावर उतारा नाही. फवारणाऱ्याला भरपूर घाम किंवा ताप आला, अगदी काही दिवसांनी आला तरी, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.