कोकणातून, १०० वॉटवर, सीक्यू वर्ल्डवाइड मोर्स स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: रत्नागिरीजवळ खाडीकाठी घर आणि नारळाची वाडी आहे, हॅम रेडिओचा परवाना आणि १०० वॉटचा रेडिओ सेट आहे, मोर्स मिनिटाला १५ शब्दांच्या वेगाने घेता येतं. नोव्हेंबरच्या स्पर्धेसाठी लिनियर अॅम्प्लिफायर (सेटची पॉवर वाढवणारं यंत्र) घ्यावा का, सह्याद्री आड येईल का, आणि आणखी काय करावं?

लिनियर घेऊ नका. १०० वॉटचे ४०० वॉट केले तर समोरच्याला ६ डेसिबल, म्हणजे साधारण एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरची एक पायरी) जास्त मिळतं, पण तुम्हाला ऐकू येणाऱ्यात काहीच वाढ होत नाही. शिवाय १०० वॉटपर्यंत लो पॉवर गट आहे. त्याच्या वर गेलात की १५०० वॉटवाल्यांच्या रांगेत बसता. मुख्य कारण वेगळंच आहे. या स्पर्धेत प्रत्येक बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) प्रत्येक नवा देश आणि प्रत्येक नवा सीक्यू झोन (स्पर्धेसाठी पाडलेला जगाचा विभाग) हे मल्टिप्लायर, म्हणजे एकूण गुणांना गुणणारे, असतात. भारत झोन २२ मध्ये येतो आणि मोर्सवर नियमित बसणारी भारतीय स्टेशनं मोजकीच आहेत. त्यामुळे तुमचा कॉल (स्टेशनचं ओळखचिन्ह) कानावर पडला की युरोपातला माणूस स्वतःहून थांबतो. तुमच्याकडे मागणी आहे, तेव्हा पैसा आणि वेळ ऐकण्यावर घाला.

आधी गुणांचं गणित. दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, भारतातल्या भारतात ०. हे शून्य फसवं आहे, कारण गुण नसले तरी मल्टिप्लायर धरला जातो. प्रत्येक बँडवर एक भारतीय स्टेशन घेतलंत तर देश आणि झोन असे दोन मल्टिप्लायर हाती लागतात. सगळ्या गुणांची बेरीज गुणिले सगळे मल्टिप्लायर, हा अंतिम आकडा. समजा १००० गुण आणि १२० मल्टिप्लायर झाले. आता एक युरोपियन संपर्क म्हणजे ३ गुणिले १२०, म्हणजे ३६०. एक नवा मल्टिप्लायर म्हणजे १०००. म्हणून ओमान किंवा श्रीलंका नवीन बँडवर दिसला तर १ गुणाचा म्हणून सोडू नका.

आता अँटेना. कोकणात समुद्र हीच मोठी संपत्ती आहे, पण ती सरसकट सगळ्या दिशांना लागू होत नाही. रत्नागिरीहून युरोप साधारण वायव्येला, म्हणजे ३१५ अंशांच्या आसपास पडतो आणि तिकडे समोर पाणीच आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या दिशेलाही पाणी. जपान ५५ ते ६० अंशांवर, म्हणजे जमिनीवरून. खारं पाणी उभ्या अँटेनाच्या खालच्या कोनातल्या लहरी शोषत नाही, आणि हजारो किलोमीटरच्या पल्ल्याला त्याच लहरी लागतात. जांभ्याचा सडा याच्या उलट. नोव्हेंबरात तो कोरडा पडलेला असतो, विजेला फार वाईट वाहक, तिथे व्हर्टिकल (उभी अँटेना) लावायचा तर जमिनीवर निदान १६ रेडियल (बुडापासून निघणाऱ्या तारा) पसरावे लागतात.

खाडीकाठी हे काम सोपं आहे. ४० मीटर बँडसाठी १०.१ मीटर तार सरळ बांबूवर उभी बांधा, बूड भरतीच्या रेषेच्या वर दीड-दोन मीटर ठेवा आणि त्याच उंचीवर १०.१ मीटरचे दोन रेडियल परस्परविरुद्ध दिशांना ताणा. ओहोटीलाही पाणी २० मीटरच्या आत राहील अशी जागा बघा. खाडीचं पात्र उघडं पडून नुसता चिखल उरत असेल तरी घाबरू नका, खारा चिखलही जांभ्यापेक्षा कितीतरी चांगला. परतीच्या मच्छीमारांची वाट आणि होडी ओढायची जागा सोडून बांधा आणि तारेला रंगीत चिंध्या लावा.

सह्याद्री आड येतो का, असंही विचारलंय. ५० किलोमीटरवरचा १००० मीटर उंच डोंगर क्षितिजाच्या वर जेमतेम १ अंश दिसतो, तो काही अडवत नाही. अडवते ती घरामागची दरड. परसातून चढ सुरू होत असेल तर जपान आणि ऑस्ट्रेलिया कमकुवत येणार हे धरून चाला.

वरच्या बँडसाठी वाडीत इन्व्हर्टेड व्ही (मधोमध उंच, टोकं खाली अशी तारेची अँटेना) पुरेसा. एकाच फीडपॉइंटला (केबल जोडायच्या जागी) ४०, २० आणि १० मीटरच्या तारा जोडा. पूर्ण लांबी २०.४, १०.२ आणि ५.१ मीटर. १५ मीटरवर ४० ची तार तिसऱ्या हार्मोनिकने (तिप्पट फ्रीक्वेन्सीला) चालते, रेझोनन्स (तार नेमकी जुळते ती फ्रीक्वेन्सी) थोडा वर सरकतो, तेवढं सेटमधला ट्यूनर सांभाळतो. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार चालेल, मात्र प्लॅस्टिक आवरणामुळे आणि व्ही आकारामुळे रेझोनन्स खाली येतो. मग हिशोब करून कापा. ७.०२ हवा असताना ६.८५ मेगाहर्ट्झ दिसला तर २०.४ गुणिले ६.८५ भागिले ७.०२, म्हणजे १९.९ मीटर, प्रत्येक बाजूने २५ सेंटिमीटर कमी. अंदाजाने छाटत बसलं की तार संपते आणि रेझोनन्स वरच निघून जातो. फीडपॉइंटला १:१ करंट बॅलन (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग) हवाच. तो नसेल तर कोअॅक्स केबलची बाहेरची जाळी घरातल्या प्रत्येक एलईडी दिव्याचा आवाज उचलून आत आणते.

माड वाऱ्याने हलतो, म्हणून दोर थेट बांधू नका. वर कप्पी, तिच्यातून दोर, खाली दोन-तीन किलोचं वजन. माड झुकला की वजन वर जाईल, तार तुटणार नाही. दोर मिरकरवाड्याला जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात घ्या, होडीला वापरतात तो उन्हात टिकतो. सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ आधी उतरवून घ्या. शनिवारी रात्री झावळ पडून तार गेली तर अंधारात माडावर कोणी चढणार नाही.

मीठ मात्र सगळ्यात घातक, कारण ते दिसत नाही. यूएचएफ कनेक्टरच्या मागून खारी ओल शिरते, कोअॅक्सच्या तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने आत चढत जाते आणि दोन पावसाळ्यांत जाळी काळी पडते. गंमत अशी की तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप, १ म्हणजे उत्तम) सुधारलेला दिसतो! तार गेली, बॅलन भिजला, तरी मीटर १.३ दाखवतो, कारण परत येणारी ऊर्जा वाटेत केबलच खाऊन टाकते. म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एक चाचणी करा. केबलचं दूरचं टोक अँटेनापासून सोडवा, उघडं ठेवा, आणि घरातल्या टोकाला नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावा. ही चाचणी सेटने पॉवर सोडून करायची नाही. केबल निरोगी असेल तर एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसायला हवा. ९ दिसला तर एका दिशेचं नुकसान सुमारे १ डेसिबल. ३ दिसला तर ३ डेसिबल, म्हणजे तुमची निम्मी पॉवर माडापर्यंत पोहोचतच नाही. अशी केबल फेकून द्या, टोक कापून नवा कनेक्टर लावून उपयोग नसतो. नवी घेताना ३० मीटरच्या वर जात असाल तर आरजी-५८ ऐवजी आरजी-२१३ घ्या. २८ मेगाहर्ट्झला तेवढ्या लांबीत पहिली अडीच डेसिबलच्या जवळपास खाते, दुसरी साधारण एक. कनेक्टरवर आधी रबरी सेल्फ-अॅमलगमेटिंग टेप ताणून गुंडाळा, वर साधी पीव्हीसी टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

कानातला आवाज. महावितरणच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवर पाऊस थांबल्यापासून मिठाचा थर चढत असतो. संध्याकाळी दहिवर पडलं की तो थर ओला होऊन ठिणग्या मारू लागतो आणि नेमकं ४० मीटर उघडतानाच सेटवर सतत खरखर सुरू होते. मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ हातात घेऊन लाइनखालून चाला, जिथे आवाज सर्वात मोठा होईल त्या खांबाचा नंबर टिपा आणि वायरमनला दाखवा. हे पंधरा दिवस आधी करा. घरातला आवाज शोधायला सेट बॅटरीवर चालवून मेन स्विच बंद करा आणि मग एकेक सर्किट चालू करत जा. इन्व्हर्टर, मोबाइल चार्जर आणि स्वस्त एलईडी यातच बहुतेक गुन्हेगार सापडतात.

बॅटरीचं सांगायचं तर मोर्समध्ये सेटचा सरासरी खप ५ अँपिअरच्या आसपास धरा. १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड निम्मी वापरली तर दहा तास निघतात. तार जाड आणि आखूड ठेवा. तार बारीक असेल तर मोर्सची कळ दाबताच व्होल्टेज पडतं आणि टोन चिवचिवतो.

आता कान आणि वेग. स्पर्धेत बहुतेक जण २८ ते ३४ शब्दांनी पाठवतात. १५ वरून तिथे सगळ्या मजकुरासाठी जायची गरज नाही, कारण तुम्हाला फक्त कॉल आणि झोन घ्यायचा आहे. रोज अर्धा तास, आठ आठवडे: निम्मा वेळ रुफ्झएक्सपी या सरावाच्या प्रोग्रॅमवर नुसते कॉल, निम्मा मोर्स रनर या दुसऱ्या प्रोग्रॅमवर. मोर्स रनर पाइल-अप (एकाच वेळी बोलावणाऱ्यांची गर्दी), क्यूएसबी (सिग्नलचा चढउतार), खरखर सगळं नकली तयार करून देतो. पॅडलने (हाताच्या मोर्स कळेने) पाठवायची सक्ती नाही, संपर्क नोंदवणाऱ्या एन१एमएम लॉगर प्रोग्रॅमच्या एफ१, एफ२ कळा मेसेज पाठवतात. स्वतः पाठवाल ते ज्या वेगाने उत्तर समजेल त्या वेगाने, सुरुवातीला २४. लोक तुमच्या वेगाशी जुळवून घेतात.

संपर्क एवढाच असतो: तुम्ही ‘टेस्ट’ आणि तुमचा कॉल, समोरचा त्याचा कॉल, तुम्ही त्याचा कॉल आणि ‘५एनएन २२’, तो ‘५एनएन १४’, तुम्ही ‘टीयू’ (आभार) आणि तुमचा कॉल. ५एनएन म्हणजे ५९९, ९ च्या जागी एन. झोनमध्येही ० ला टी आणि १ ला ए ऐकू येईल, ‘ए४’ म्हणजे १४, ‘टी५’ म्हणजे ०५. लॉगर कॉलवरून झोन आपोआप भरतो आणि तिथेच नवखे घसरतात. अमेरिकेत कॉलमधला आकडा आणि राहण्याचा झोन जुळेलच असं नाही, ६ आकड्याचा माणूस पूर्व किनाऱ्यावरून झोन ५ देऊ शकतो. ऐकलंत ते लिहा.

पहिला तास दुसऱ्यांना शोधून बोलवा, हात बसेल. मग बँडच्या थोड्या वरच्या भागात, २० मीटरवर १४.०४५च्या पुढे, रिकामी जागा बघून ‘टेस्ट’ सुरू करा. आधी क्यूआरएल (‘जागा वापरात आहे का?’) विचारून ऐका. थोड्याच वेळात स्किमर (मोर्स आपोआप वाचणारी स्टेशनं) तुमचा कॉल पकडून इंटरनेटवरच्या रिव्हर्स बीकन नेटवर्कवर टाकतील आणि गर्दी उसळेल. सगळे त्याच आकड्यावर क्लिक करून येतात, त्यामुळे वीस जणांचा एकच टोन होतो आणि एकही कॉल सुटा होत नाही. अशा वेळी आरआयटी (फक्त ऐकायची फ्रीक्वेन्सी सरकवणारं बटण) ५० ते १०० हर्ट्झ वर-खाली फिरवा, कडेला बसलेला एखादा स्वच्छ सापडतो. फिल्टर ४०० हर्ट्झ ठेवा, २५० वर गेलात तर हे कडेचे लोक ऐकूच येणार नाहीत. ४० मीटरवर प्रीअॅम्प बंद, आरएफ गेन मागे. ‘डीएल५’ एवढंच कळलं तर ‘डीएल५?’ पाठवा आणि तोच पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणालाही घेऊ नका. एकदा सोडलात की गर्दीला कळतं की ओरडलं की काम होतं.

वेळापत्रक भारतीय वेळेत असं: नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, शनिवार पहाटे ५:३० ते सोमवार पहाटे ५:२९. सकाळी १० आणि १५ वर जपान, दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत याच बँडवर युरोप. ही तुमची सुगी, एक मिनिट उठू नका. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उजाडतं आणि आपल्याकडे मावळतं, तेव्हा ४० वर एक फेरी मारा. रात्री २० आणि मग ४०. साडेदहा ते दीड झोपा, पण तीनपासून उजाडेपर्यंत ४० सोडू नका, अमेरिकेचा पूर्व किनारा अंधारात असतो आणि आपणही. ३०, १७ आणि १२ मीटर स्पर्धेत नाहीत. मे आणि जूनच्या स्पर्धा आपल्याकडे वळवाच्या आणि मान्सूनच्या विजांत जातात, म्हणून पहिली स्पर्धा नोव्हेंबरचीच धरलीत हे उत्तम केलंत.

कॉलमध्ये एक अक्षर चुकलं तर तो संपर्क जातोच, वर त्याच्या गुणांच्या दुप्पट दंड होतो. झोन चुकला तर फक्त संपर्क जातो. दुबार संपर्काला दंड नाही, तो काढू नका, तसाच लॉगमध्ये राहू द्या. म्हणून शंका असेल तर पुन्हा विचारा, दोन सेकंदच लागतात. स्पर्धा संपल्यावर डेटाबेस बघून कॉल ‘दुरुस्त’ करणं नियमाने बंद आहे. जे लॉग झालं तेच कॅब्रिलो फाइल (लॉगचा ठरलेला नमुना) करून पाच दिवसांच्या आत चढवा. काही महिन्यांनी तपासणी अहवाल येतो. त्यात तुम्ही लिहिलेला चुकीचा कॉल आणि शेजारी बरोबर कॉल असतो. एच आणि ५, बी आणि ६, व्ही आणि ४ यांत कुठे एक टिंब निसटतं ते त्या जोड्यांवरून दिसेल. पुढचे आठ आठवडे रुफ्झवर तेवढीच अक्षरं घोटा.