स्कॅनरच्या आधी

अरे,

तुझं रिसर्चचं प्रपोजल दोनदा वाचलं, एकदा घाईत आणि एकदा नीट चहा घेऊन. विषय मस्तच आहे, साइन लँग्वेज आणि मेंदू, त्यात ऑटिझम असलेली डेफ मुलं, भाषेचा डिसऑर्डर असलेली डेफ मुलं, आणि मग सगळ्यांना एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये घालायचं. पण बारा पानांतली नऊ पानं स्कॅनरवर खर्च झालीयेत आणि या मुलांपर्यंत भाषा पोचली कधी, कुणाकडून, यावर अर्धी ओळ आहे, तीही कंसात. मला त्या अर्ध्या ओळीबद्दलच बोलायचंय.

बघ, डेफ मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, हा आकडा अमेरिकेतला आहे. म्हणजे घरात जे बोललं जातं ते मुलाच्या कानावर पडत नाही, आणि त्याला जे दिसलं असतं, समजलं असतं, ते घरात कुणाला येत नाही. कॉक्लियर इम्प्लांटने, म्हणजे ऐकण्यासाठी कानात बसवतात त्या यंत्राने, काहींचं छान जमतं, काहींचं तितकं नाही. असं मूल सहा वर्षांचं होऊन तुझ्यासमोर बसतं, टेस्टमध्ये मागे पडतं आणि तू शीटवर लिहितोस 'भाषिक कमतरता'. अरे ज्याच्या ताटात वाढलंच नाही त्याला पचनाचा आजार आहे म्हणण्यासारखं झालं हे! आजार असेलही, नाही असं नाही, पण आधी जेवला होता का ते तर विचार.

रेचल मेबरी यांचं काम वाचलंस का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि ते आधी वाच. त्यांनी काय केलं, जरा उशिरा, साधारण सारख्याच वयात एएसएल म्हणजे अमेरिकन साइन लँग्वेज शिकलेले दोन गट घेतले. एका गटातले लोक लहानपणी ऐकत होते, बोलत होते, नंतर ऐकू येणं गेलं आणि मग साइन शिकले. दुसऱ्या गटातले जन्मापासून डेफ, आणि साइन भेटेपर्यंत हाताशी धड कुठलीच भाषा नाही. आता साइन शिकायचं वय दोघांचं सारखं, मग एएसएलही सारखीच यायला हवी ना? तर पहिला गट कितीतरी पुढे. म्हणजे लहानपणी एक भाषा, कुठलीही, कानाने नाहीतर डोळ्याने, आत गेली असेल तर दुसरीला ती टेकू देते, आणि पहिलीच उशिरा आली तर ती आयुष्यभर जड जाते. हा पेपर २००२ चा आहे, 'नेचर'मध्ये आलेला, छोटासा आहे, एका बैठकीत होतो.

आता तू म्हणशील मॅडम, मी मेंदूबद्दल विचारत होतो. मेंदूवरच येतेय.

अर्सुला बेलूगी, एडवर्ड क्लिमा आणि हॉवर्ड पॉइझनर यांचं सॉल्क इन्स्टिट्यूटमधलं काम तू प्रपोजलमध्ये एका वाक्यात उरकलंयस, 'साइन लँग्वेज डाव्या गोलार्धात असते'. इतकं साधं नाहीये ते आणि इतकं कोरडंही नाही. १९८७ च्या त्यांच्या पुस्तकात मोजून सहा डेफ माणसं आहेत, तिघांच्या मेंदूला डावीकडे इजा, तिघांच्या उजवीकडे. डावीकडे इजा झालेल्यांची साइन बिघडली, म्हणजे हात नीट हलतोय, पेला उचलता येतोय, पण भाषा तुटक किंवा चुकीची येतेय, ऐकू येणाऱ्यांना वाचाघात होतो तसंच. आणि उजवीकडे इजा झालेली एक बाई होती, तिला तिची खोली कशी आहे ते साइनमध्ये सांगायला लावलं तर तिने सगळं सामान उजव्या बाजूला कोंबलं, डावी बाजू रिकामीच. आता गंमत बघ, हीच बाई वाक्य बोलताना व्याकरणासाठी डावीकडची जागा बिनचूक वापरत होती. एकच हवा, तेच हात, पण खोलीचा नकाशा म्हणून ती जागा गेली आणि व्याकरण म्हणून शाबूत राहिली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

पण मग स्कॅनर आले आणि १९९८ मध्ये हेलन नेव्हिल यांच्या टीमने दाखवलं की लहानपणापासून एएसएल येणाऱ्यांचा उजवा गोलार्धही वाक्यं बघताना चांगलाच कामाला लागतो. त्यावर भरपूर वाद झाले, होणारच. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्याच ग्रुपने नंतर ऐकू येणारीच माणसं घेतली, काही डेफ आईवडिलांच्या घरात वाढलेली म्हणजे साइन अंगाखांद्यावर खेळलेली, काही मोठेपणी शिकलेली, आणि उजवीकडचा एक भाग, अँग्युलर जायरस, फक्त पहिल्या गटात जागा होत होता. कान दोघांचे चांगलेच होते, फरक फक्त भाषा कधी मिळाली याचा. तेव्हा तुझ्या स्कॅनमध्ये दोन गटांत जो फरक दिसेल तो डिसऑर्डरचा आहे की उशिराचा, हे तू सांगणार कसं? तुझ्या प्रपोजलमध्ये वय जुळवलंय, आयक्यू जुळवलाय, भाषा मिळाल्याचं वय जुळवलेलं नाही. पहिला रिव्ह्यूअर इथेच पकडेल, आणि बरोबर पकडेल.

याचा दुसरा टोकाचा अर्थ मात्र काढू नकोस. काही लोक म्हणतात डेफ मुलांचं सगळं मागे पडणं भाषा न मिळाल्यामुळेच, डिसऑर्डर वगैरे काही नाही. तसंही नाही रे. ऐकू येणाऱ्या मुलांमध्ये साधारण ७ टक्क्यांना डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषा शिकण्यातलीच अडचण, असतो, मग डेफ मुलांनाच तो का होऊ नये? लंडनमध्ये गॅरी मॉर्गन, रोझलिंड हर्मन, बेन्सी वोल या मंडळींनी ब्रिटिश साइन लँग्वेजमध्ये हेच शोधलं. त्यांच्या २००७ च्या पेपरमधला एक मुलगा तर डेफ आईवडिलांचा, घरात पहिल्या दिवसापासून साइन, आणि तरीही साइन मागेच. तिथे ताट भरलेलं होतं, म्हणून तर ठामपणे म्हणता आलं की अडचण मुलात आहे. अशी मुलं फार थोडी सापडतात पण तुझा अख्खा प्रश्न त्यांच्यावर उभा आहे. पाच मिळाली तरी खूप झालं, शंभर सरमिसळ मुलांपेक्षा ती पाच जास्त सांगतील.

ऑटिझमचं पण तेच. ॲरन शील्ड आणि रिचर्ड मायर यांनी मुद्दाम डेफ आईवडिलांची ऑटिझम असलेली डेफ मुलं शोधली, म्हणजे भाषा मिळाली नाही हा मुद्दाच निकालात. आणि काय दिसलं, तर काही मुलं साइन करताना तळहात उलटा धरत होती. समोरच्याने टाटा केला की त्याचा तळहात आपल्याला दिसतो, आपण टाटा करताना आपला तळहात त्याच्याकडे करतो, म्हणजे डोक्यात एक पलटी मारावी लागते. ही मुलं ती पलटी मारत नव्हती, जसं दिसलं तसं, तळहात स्वतःकडे. बोलणाऱ्या मुलांच्या बोलण्यात कितीही शोध, ही चूक सापडणार नाही, कारण आवाजाला पुढची आणि मागची बाजू नसते! ऑटिझमबद्दल काहीतरी नवीन कळलं ते साइन होती म्हणून.

हे ऐकून आता तू लगेच तळहात मोजायला बसशील, म्हणून माझी फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षी मी एका मुलाचे व्हिडिओ कोड करत होते, म्हणजे त्याची एकेक साइन बघून शीटवर नोंदवत होते, आणि शीटवर ओळीने 'दिशा उलटी', 'दिशा उलटी' टाकत गेले, चौदा वेळा, मनात थिअरीपण तयार झाली होती. माझी डेफ सहकारी मागून आली, दोन मिनिटं बघितलं आणि हसायला लागली. मुलगा डावखुरा होता. डावखुरी माणसं साइन आरशासारखी उलट बाजूने करतात, त्यात चूक काहीच नाही, साइन येणाऱ्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही. मला तेव्हा साइन नुसती 'वाचता' येत होती, भाषा म्हणून येत नव्हती. भुवयांचंही तसंच, एएसएलमध्ये 'कोण, काय, कुठे' विचारताना भुवया आक्रसतात, ते व्याकरण आहे, आणि नवखा कोडर बिनधास्त 'राग' लिहून मोकळा होतो.

म्हणून सहा महिने, जमलं तर वर्ष, भाषा शिक. ॲपवरून नाही, डेफ शिक्षकाकडून. आणि टीममध्ये डेफ माणूस पहिल्या दिवसापासून हवा, टेस्ट बनवताना, नुसता व्हिडिओत हात करून दाखवायला नाही, आणि पेपरवर नाव पण हवं. ते 'मूकबधिर' प्रपोजलमधून काढ आधी, ती माणसं मुकी नाहीत, तुला त्यांचं बोलणं कळत नाही एवढंच. एथिक्सच्या फॉर्ममध्ये तू लिहिलंयस की चेहरे ब्लर करणार. अरे चेहऱ्यावर अर्धं व्याकरण आहे, ब्लर केलास तर डेटा उरणार काय? आणि डेफ समाज छोटा असतो, हात हलवायच्या लकबीवरूनही माणूस ओळखू येतो. तेव्हा पालकांना, आणि मुलालाही त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगायचं की व्हिडिओ कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, आणि नको म्हणाले तर नको.

विल्यम्स सिंड्रोमचा भाग काढून टाक असं मी म्हणेन. मोह कळतो, सातव्या क्रोमोसोमवरचा छोटासा तुकडा जन्मतःच गेलेली ही माणसं हत्तीचं वर्णन झकास करतात आणि हत्ती काढायला सांगितला की चित्राचे तुकडे तुकडे, बेलूगींनीच ते गाजवलं. पण ॲनेट कार्मिलोफ-स्मिथ यांनी त्यानंतर आयुष्यभर हेच सांगितलं की मोठेपणी जे शाबूत दिसतं ते सुरुवातीपासून शाबूत होतं असं धरू नका, ही मुलं बोलायलाही उशिराच लागतात. मुद्दा तुला लागू आहे, पण तो मांडायला तिसरा गट गोळा करायची गरज नाही, तीन वर्षांत दोनच नीट झाले तरी मी पेढे वाटेन.

स्कॅनर राहू दे, पण तिसऱ्या वर्षी. आडवं झोपून, डोकं न हलवता सहा वर्षांचं मूल साइन करणार नाही, फार तर बघेल, त्यामुळे तुझं 'प्रॉडक्शन टास्क' तसंही बारगळणारच होतं.

पुढच्या मंगळवारपर्यंत नवी कोडिंग शीट पाठव. मुलाचं वय, ऐकण्याची पातळी, डावखुरा की उजवा हे सगळं घाल, पण पहिला कॉलम हा ठेव: या मुलाशी साइनमध्ये पहिल्यांदा कोण बोललं आणि तेव्हा ते किती महिन्यांचं होतं. पालकांना फोनवर विचारू नकोस, घरी जाऊन विचार, सांगताना बऱ्याच जणांना रडू येतं.

मॅडम