एसएमपीएसवरचा ४५० वॅटचा आकडा किती खरा?

प्रश्न : आमचे घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. मुलाच्या संगणकात गेल्या महिन्यात ग्राफिक्स कार्ड बसवले. तेव्हापासून दिवेलागणीला, वाडीतले पंप आणि घरोघरचे दिवे सुरू झाले की संगणक मध्येच बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. कॅबिनेटबरोबर मिळालेला एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे. दुरुस्ती करणाऱ्याने तो बाहेर काढला, हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवला आणि ‘ठीक आहे’ म्हणून सांगितले. दुकानदाराकडे ६०० वॅटचा ९०० रुपयांना आहे आणि ४५० वॅटचाच एक दुसरा २७०० रुपयांना. वॅट कमी आणि किंमत तिप्पट, हे कसे? जुन्या एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : पंखा फिरला याचा अर्थ एसएमपीएस सुरू होतो, एवढाच. त्या वेळी त्याच्यावर पंख्यापलीकडे कसलाही भार नसतो. रिकामी होडी तरंगली म्हणून ती माणसांनी भरल्यावरही तरंगेल, असे किनाऱ्यावरचा माणूस तरी म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. त्या लेबलावर १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर, ५ व्होल्टसमोर २० आणि ३.३ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिले आहेत. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की अनुक्रमे १६८, १०० आणि सुमारे ५९ वॅट येतात. उरलेल्या किरकोळ ओळींचे १३-१४ वॅट त्यात मिळवले, तरी बेरीज ३४० च्या आसपासच थांबते. म्हणजे वरचा ४५० हा ठळक आकडा खुद्द त्या लेबलालाच मान्य नाही.

त्यातही आजच्या संगणकाचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टच्या ओळीवर येतो, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिच्यावरच चालतात. तुमचे कार्ड सहा पिनांची वेगळी जोडणी मागणारे असेल, तर ते मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ आणि त्या जोडणीतून ७५ असे १५० वॅटपर्यंत घेऊ शकते. प्रोसेसरचे ६५ वॅट त्यात धरले की १६८ ची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. कार्ड बसवण्यापूर्वी हा एसएमपीएस निभावून नेत होता, तो भार हलका होता म्हणून.

हे संध्याकाळीच का घडते, हेही पाहण्यासारखे आहे. साध्या एसएमपीएसमध्ये आलेली वीज कपॅसिटरमध्ये साठते आणि साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. संध्याकाळी वाडीतला भार वाढून २३० चे १८० व्होल्ट झाले की साठा ६१ टक्क्यांवर येतो आणि त्यातलाही तळाचा भाग उपयोगात येत नाही. मग पंप सुरू होताना पडणारा क्षणभराचा खड्डासुद्धा त्याला भरून काढता येत नाही. महागड्या एसएमपीएसमध्ये बहुधा ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ नावाचे सर्किट असते. ते बाहेरचे व्होल्टेज १८० असो वा २४०, कपॅसिटरवर सुमारे ३८० व्होल्ट राखते. लेबलावर ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असणे आणि मागे ११५/२३० चा लाल खटका नसणे, ही त्याची नेहमीची ओळख. तो खटका चुकून ११५ वर गेला तर आपल्याकडच्या विजेवर एसएमपीएस धडाड्‌कन फुटतो. म्हणून तो नसलेलाच बरा.

तेव्हा ९०० रुपयांचा ६०० वॅटचा घेऊ नका. तो तुमच्याकडे आहे त्याचाच भाऊ असण्याची शक्यता अधिक. २७०० रुपयांच्या एसएमपीएसचे लेबल मात्र दुकानातच वाचा. १२ व्होल्टसमोर ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असेल, तर त्या एकाच ओळीवर ४२० वॅट मिळतात आणि ४५० हा आकडा प्रामाणिक ठरतो. ‘८० प्लस’ची खूण असावी, पण ती फक्त कार्यक्षमतेविषयी बोलते, शॉर्ट सर्किट किंवा वाढीव व्होल्टेज यांपासूनच्या संरक्षणाची हमी ती देत नाही, ते खोक्यावर वेगळे पाहावे लागते. दोन्ही एसएमपीएस दोन हातांत तोलून पाहा. वजन हा काही पुरावा नव्हे, पण आत फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारे भाग) आणि उष्णता वाहून नेणारी ॲल्युमिनियमची पट्टी पुरेशी नसेल, तर हाताला ते पटकन कळते.

एक सावधगिरी. तुमच्याकडे चौकोनी लहर देणारा जुना इन्व्हर्टर असेल, तर काही ॲक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस वीज जाताच त्याच्यावर बंद पडतात. खरेदीपूर्वी ‘परत घ्याल ना?’ एवढे दुकानदाराला विचारून ठेवा.

प्रश्न : चांगला एसएमपीएस बसवल्यापासून अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. जुन्या स्वस्त एसएमपीएसला असे कधी होत नव्हते. नवा सदोष आहे का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बहुधा नाही, दोष घराच्या अर्थिंगमध्ये असावा. चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की कॅबिनेट दोहोंच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. स्वस्त एसएमपीएसमध्ये अनेकदा हे कपॅसिटरच गाळलेले असतात, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. जांभ्याच्या कातळात उथळ खणलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि निरुपयोगी होतो. वायरमनकडून तिसऱ्या पिनची जोडणी खड्ड्यापर्यंत तपासून घ्या आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा. मुंग्यांऐवजी सणकून झटका बसला, तर मात्र संगणक तत्काळ बंद करून एसएमपीएस बदलून घ्या. तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर काही काळ ३०० व्होल्टांहून अधिक दाब राहू शकतो.