तळोजा एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये नाइट शिफ्टचा ऑपरेटर अलार्म न वाचताच ॲकनॉलेज करतो (म्हणजे 'बघितला' असं बटण दाबतो), हा निष्काळजीपणाच ना?
नाही, बहुतेक वेळा हा माणसाचा नाही तर अलार्म सिस्टीमचा दोष असतो, मेमो देऊन काही फरक पडणार नाही. मी रबाळ्याला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, आमच्या लाइनमध्ये ईईएमयूए १९१ ही अलार्म सिस्टीमची गाइडलाइन बघतात, त्यात प्लांट नॉर्मल चालू असताना एका ऑपरेटरला १० मिनिटांत साधारण १ अलार्म ठीक धरलाय आणि १० मिनिटांत १० च्या वर गेले की तो पूर, मग कोणीही असला तरी डोकं वाचायचं सोडतं आणि बोट आपोआप बटणावर जातं. १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरसमोर २७५ अलार्म आले होते, काय वाचणार सांगा! आधी महिन्याचा अलार्म लॉग काढा, चारदोन टॅगच (म्हणजे ठरावीक सेन्सरचे पॉइंट) सारखे बोंबलत असतील, त्यांचा सेटपॉइंट (ज्या आकड्याला अलार्म वाजतो तो), डेडबँड (अलार्म वाजण्याच्या आणि थांबण्याच्या आकड्यातलं अंतर) नाहीतर सेन्सरच तपासा. फक्त ट्रिप किंवा इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी किंवा अडवणारी सुरक्षा) कोणी परवानगीशिवाय बायपास करत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे ॲक्शन घ्यायलाच हवी, आणि हो, वैतागून अलार्म परस्पर बंद करू नका, चेंजचा (बदलाच्या मंजुरीचा) फॉर्म भरूनच करा.