मॅकवर फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) चालवताना ५००० पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर येते. न भांडणारा पोर्ट कसा शोधायचा?

तुमच्या कोडमध्ये काही चूक नाही. २०२१ मध्ये आलेल्या मॅकओएस माँटेरेपासून एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या अ‍ॅपल उपकरणावरचा आवाज-व्हिडिओ मॅकवर घेणारी सोय) ५००० आणि ७००० हे पोर्ट अडवून बसतो, आणि फ्लास्कचा डीफॉल्टही नेमका ५०००. कोणता प्रोग्रॅम पोर्ट वापरतोय हे दाखवणाऱ्या 'एलसॉफ' कमांडला टर्मिनलवर हायफन आय, मग कोलन ५००० देऊन बघा. कंट्रोल सेंटरचं अर्धवट तुटलेलं नाव दिसेल. ती प्रोसेस किल करू नका, लगेच परत उगवते (मी दोनदा मारून पाहिली). सेटिंग्जमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद करा, नाहीतर सरळ ५००१ घ्या.

कुठला पोर्ट कोणाच्या नावावर आहे, याची अधिकृत यादी आयाना (इंटरनेटचे क्रमांक नोंदवणारी संस्था) ठेवते. तुमच्याच मशीनवर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'सर्व्हिसेस' फाइलमध्ये त्यातला बराचसा भाग सापडतो, ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारा की झालं. पण यादीत नाव नाही म्हणजे पोर्ट मोकळा, असं धरून चालू नका. ३०००, ८०००, ८०८० वर तर डेव्हलपरांचीच झुंबड असते. व्हीट हे वेब डेव्हलपमेंटचं टूल म्हणूनच ३००० सोडून ५१७३ वर गेलं.

१०२४ च्या खाली जाऊ नका. ४९१५२ च्या वरचेही टाळा, ते तात्पुरत्या कनेक्शनसाठी असतात. लिनक्स तर साधारण ३२७६८ पासूनच ते वाटायला लागतो. टेस्टसाठी मात्र पोर्ट ० द्या, ऑपरेटिंग सिस्टिम रिकामा पोर्ट स्वतःच शोधून देते.