सह्याद्री आला की आली?

प्रश्न असा आहे: बातमीत 'आयएनएस सह्याद्री बंदरात दाखल झाली' असं वाचलं. सह्याद्री तर पुल्लिंगी. मग जहाजाला नाव दिल्याबरोबर तो 'ती' कसा झाला? इंग्रजीत जहाजाला 'शी' म्हणतात, त्याची ही नक्कल का?

नक्कल नाही. आणि कोल्हापूरकरानं तरी हे विचारू नये! मुंबईच्या गाडीला आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो? 'सह्याद्री सुटली काय रं?' तिथं डोंगर कुणाच्या मनात नसतो, गाडी असते. ती उच्चारायचीही गरज नाही, क्रियापद गुपचूप तिच्या मागं जातं. 'कोल्हापुरी तुटली' म्हणताना चप्पल कुठं बोलून दाखवतो आपण? (ज्या गावात बायका बिनदिक्कत 'मी जातो' म्हणतात, तिथं लिंगाचा एवढा घोळ कशाला, हा प्रश्न वेगळा.)

नौदलात मनातला शब्द 'नौका' किंवा 'पाणबुडी', दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून 'सह्याद्री' आली, 'विक्रांत' निघाली. तोंडात 'जहाज' आलं, तर मात्र 'विक्रांत हे जहाज'. दोन्ही चालतं, फक्त एकाच वाक्यात 'ती' आणि 'ते' यांची खिचडी नको. 'विक्रांता' करायचीही गरज नाही. 'सुंदर मुलगी' म्हणतो, 'सुंदरा मुलगी' नाही.

नावं पाहिली तर गंमत आणखी कळते. आपलं नौदल सहसा एका वर्गातल्या जहाजांना एका जातीची नावं देतं, बऱ्याचदा एकाच अक्षरावरून. 'सह्याद्री' २०१२ ची. तिच्या बहिणी 'शिवालिक' आणि 'सातपुडा', तिन्ही डोंगर. विनाशिकांना शहरं: कोलकाता, कोची, चेन्नई. 'तलवार'च्या वर्गात बहुतेक शस्त्रं आणि सगळी 'त'ची: तलवार, त्रिशूळ, तबर. घरात तलवार 'ती', त्रिशूळ 'तो', पण समुद्रात दोघी बहिणी. निवृत्त जहाजाचं नाव नव्याला देण्याचीही रीत आहे. पहिली 'विक्रांत' १९६१ ची, दुसरी २०२२ ची.

आपल्याकडच्या जुन्या आरमारी शब्दांत मात्र एकच लिंग नाही. गुराब ती, गलबत ते, शिबाड ते, मचवा तो. हे शब्द कोल्हापूरला परके नाहीत. आज आपल्याकडं पाणी म्हटलं की रंकाळा आणि पंचगंगा, पण १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडं जाईपर्यंत सिंधुदुर्ग करवीर छत्रपतींचा होता, त्याखाली नांगरलेल्या गलबतांसकट.

एक अपवाद ध्यानात ठेवा. लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' ही जमिनीवरची प्रशिक्षण संस्था. नौदलाच्या रिवाजानं तिलाही जहाजासारखंच नाव. संस्था स्त्रीलिंगी, म्हणून नियमानं 'शिवाजी सुरू झाली' व्हायला हवं. पण मराठी माणसाची जीभ तिथं अडते, आणि अडावीच. मनातली संस्था कितीही रेटली तरी महाराजांच्या नावापुढं ती हरते. तिथं सरळ 'आयएनएस शिवाजी ही संस्था' असं पुरतं लिहावं. तिथल्या माणसाबद्दल बोलायचं तर 'शिवाजीला बदली झाली' म्हणावं, म्हणजे क्रियापद बदलीचं होतं आणि प्रश्नच उरत नाही.